पाठ झालेला धडा

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर मास्तरकी करणाऱ्या माणसाला आपली एखादी चूक कबूल करावीशी वाटली, तर तेवढी मुभा त्याला असावी.

तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवितो. यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात एका मुलाला धडा वाचावयास सांगितले. गडी उठला आणि घडाघडा सुरू झाला. मी खूष! जवळ जाऊन पाहतो, तो पुस्तकाचे पान भलतेच उघडलेले. पोराने धडा वाचला नव्हता, म्हटला होता.

तास संपल्यावर त्याला बाजूला घेतले. "अरे, वाचता येत नाही का तुला?"

"अक्षरं ओळखतो, सर. त्यांचा शब्द होत नाही." मग खालमानेने म्हणाला, "गावात सगळे कागद माझ्याकडेच आणतात. कॉलेजात आहे ना मी! शेजारच्या आजींचा दवाखान्याचा कागद आला. गोळी जेवणाआधी की नंतर, मी अंदाजानं सांगितलं. रात्रभर झोप नाही लागली. पहाटे इथं येऊन औषधाच्या दुकानात वाचून घेतलं. मी उलटंच सांगितलं होतं, सर."

आजींचे काही बिघडले नाही, हे दैव. पण मी अंतर्यामी हादरलो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे हा मुलगा बारा वर्षे ते शिकून माझ्यापुढे आला होता. गाईडांवर पास झाला होता. आणि मी तरी काय केले? तयार उत्तरे फळ्यावर लिहिली, तीच उत्तरपत्रिकेत पाहून गुण दिले!

दुसऱ्या दिवसापासून चारनंतर वर्ग सुरू केला. आधी दोघेतिघे आले, पुढे बाक पुरेनात. मिसरूड फुटलेल्या पोरांना 'ए फॉर ॲपल' म्हणावयास लावणे म्हणजे त्यांचा अपमान. म्हणून त्यांनी शंभरदा पाहिलेली दौंड स्टेशनची पाटी फळ्यावर उतरविली, वर मराठी आणि खाली इंग्रजी. "पहिला 'डी' कशाचा?" "द चा." "शेवटचा?" "ड चा!" एकच अक्षर दोन आवाज काढते, हे त्यांनीच शोधले.

मग 'सी'ची पाळी आली. 'कॅट'मध्ये क, 'सिटी'त स, हा काय अन्याय? मी म्हटले, "चमचा म्हणा. आता चमचे म्हणा." 'चमचा'तला शेवटचा च दातांशी राहतो, 'चमचे'त तोच टाळूकडे सरकतो, कारण पुढे ए आला. इंग्रजीतला 'सी'ही तसाच वागतो. पुढे 'ई', 'आय' किंवा 'वाय' आला की स, एरवी बहुधा क. वर्ग हसला. अर्धी वाट त्यांना आईच्या भाषेने आधीच दाखविली होती; आम्हीच कधी तिकडे बोट केले नव्हते.

महाविद्यालयात अक्षरे शिकवायची? सहकारी नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

परवा तो मुलगा आजींचा नवा कागद घेऊन आला. "मी वाचतो, तुम्ही फक्त ऐका, सर." बोट ठेवून, अडखळत, घाम पुसत त्याने वाचले, "आफ्... टर... फूड." आणि मग ताठ मानेने म्हणाला, "जेवणानंतर!"

घडाघडा म्हटलेल्या त्या धड्यापेक्षा हे अडखळणे मला लाख पटीने गोड वाटले.