तिकिटावर शक्यताही छापा

लॉटरीच्या तिकिटावर सर्वांत मोठ्या अक्षरांत बक्षिसाची रक्कम असते. सोडतीची तारीख, तिकिटाची किंमत, मालिका, क्रमांक आणि राज्याची मुद्राही असते. मात्र पहिले बक्षीस लागण्याची शक्यता नेमकी किती, हे गिऱ्हाइकाला तितक्याच ठळकपणे कोणी सांगत नाही. पाचशे रुपये मोजणाऱ्याला ते आधी कळले पाहिजे, आणि ते सांगण्याची जबाबदारी तिकीट विकणाऱ्या सरकारची आहे.

केरळने २०२२ मध्ये ओणम बंपरचे पहिले बक्षीस २५ कोटींवर नेले आणि तिकीट ५०० रुपयांचे केले. ६६ लाखांहून अधिक तिकिटे खपली आणि बक्षीस तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षाचालकाला लागले. एजंटाचे कमिशन आणि प्राप्तिकर वजा जाता त्याच्या हाती पावणेसोळा कोटी येतील, असे हिशेब छापून आले आणि त्याचे छायाचित्र देशभर पोहोचले. ज्यांना पहिले बक्षीस लागले नाही, त्या लाखो तिकिटांची बातमी होत नाही, होऊही शकत नाही. खेळणारा मनातल्या मनात शक्यता ठरवतो ती डोळ्यांपुढे आलेल्या माणसांवरून, आणि त्याच्या डोळ्यांपुढे येतात ते फक्त जिंकलेले. ‘कोणाला तरी लागतेच ना?’ हे स्टॉलवर हमखास ऐकू येणारे वाक्य अगदी खरे आहे. पण ‘कोणाला तरी’ आणि ‘मला’ यांच्यामध्ये ६६ लाख तिकिटे उभी असतात.

आकडे स्वतः निवडायच्या लॉटरीत हे अंतर आणखी वाढते. ४९ आकड्यांतून सहा निवडायचे असतील, तर त्यांच्या जोडण्या १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ होतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. दहिसरपासून कुलाब्यापर्यंत आणि मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत तान्ह्या बाळांसकट प्रत्येकाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून त्यातली एकच उचलली, तर त्यावर आपले नाव असण्याची शक्यता या सहा आकड्यांपेक्षा थोडी जास्तच भरेल. दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याला सरासरीने एकदा जिंकण्यासाठी दोन लाख अडुसष्ट हजार वर्षे लागतील.

हे गणित अवघड नाही. मन त्याला दाद देत नाही, ही खरी अडचण आहे. ‘हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ ही समजूत किती महागात पडते, ते इटलीने पाहिले आहे. तिथल्या लॉटरीत व्हेनिसच्या सोडतीतून ५३ हा आकडा जवळजवळ दोन वर्षे निघालाच नाही. जसजसे दिवस जात होते, तसतसे लोक त्यावर जास्त पैसे लावू लागले. साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम त्या एका आकड्यावर लागली. घरातली सगळी शिल्लक गेली म्हणून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. अखेर १८२ सोडती कोऱ्या गेल्यावर ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला. तिथे ९० आकड्यांतून पाच काढले जात. म्हणजे प्रत्येक सोडतीत तो निघण्याची शक्यता अठरात एक होती. ती पहिल्या दिवशी तेवढीच होती आणि शेवटच्या दिवशीही. आपण किती सोडती थांबलो, हे यंत्रातल्या गोळ्यांना माहीत नसते.

याच्या उलट बाजूचा गैरसमज दक्षिण आफ्रिकेत दिसला. १ डिसेंबर २०२० रोजी तिथे ५, ६, ७, ८, ९ आणि १० असे ओळीने आकडे आले, वीस जणांनी बक्षीस वाटून घेतले आणि घोटाळ्याची ओरड झाली. ओळीने आलेले आकडे आणि विस्कटलेले आकडे यांची शक्यता सारखीच असते, हे लोकांच्या गळी उतरेना. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक स्टॉलवाल्याला अनुभवाने ठाऊक असेल. ज्यांनी लॉटरीचे तिकीट स्वतः निवडले, त्यांनी ते परत विकण्यासाठी सरासरी पावणेनऊ डॉलर मागितले. ज्यांच्या हाती ते नुसते ठेवले होते, ते दोन डॉलरांनाही द्यायला तयार होते. मुलीच्या जन्मतारखेचा नंबर शोधणारा, गाडीच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे मागणारा माणूस हेच करत असतो. निवड त्याची असते, म्हणून नशीबही आपल्या हातात आहे असे त्याला वाटते. एका अंकाने नंबर हुकला की तो म्हणतो, ‘थोडक्यात राहिले.’ वास्तविक शेजारचा नंबर आणि लाखभर दूरचा नंबर यांत काहीही फरक नसतो.

तरीही तिकीट घेणाऱ्याला मूर्ख ठरवणे आम्हाला मान्य नाही. दरमहा ५०० रुपये टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर ६.७ टक्के व्याजाने पाच वर्षांनी साडेपस्तीस हजारांहून थोडे अधिक हाती येतात. ही बचत चांगलीच आहे आणि ती करायलाच हवी. पण बारा-पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या सुरक्षारक्षकाला त्यातून मुंबईत खोली मिळत नाही आणि वडिलांवरचे कर्जही फिटत नाही. त्याच्या आयुष्यात स्वतःचे घर जिथे निदान शक्य दिसते, अशी एकच जागा म्हणजे ते तिकीट. तो आशा विकत घेतो हे त्यालाही कळते. ती कितीला मिळते आहे, एवढे मात्र त्याला कळायला हवे.

महाराष्ट्राने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी सुरू केली ती लोकांना मटक्यापासून वाचवण्यासाठी. गिरणगावात तेव्हा ओपन-क्लोजचे आकडे रोज फिरत. मटका बेकायदा होता, त्याने संसार उद्ध्वस्त केले, त्यातली लबाडीही उघडकीला आली. पण एका बाबतीत तो खेळणाऱ्यापासून काही लपवत नव्हता. एक आकडा लावला तर दहात एक, जोडी लावली तर शंभरात एक, आणि एका आकड्याला साधारण नऊपट पैसे, हे गिरणी कामगाराला तोंडपाठ होते. त्याच्या जागी आलेल्या सरकारी तिकिटावर रक्कम लाखांची, पुढे कोटींची झाली आणि किती तिकिटांमागे एक, हा आकडा नजरेआड गेला. लोकांना जुगारातून सोडवायला निघालेल्या योजनेने त्यांना हिशेबाच्या बाबतीत जास्त अंधारात ठेवले, याचे आम्हाला दुःख वाटते. सरकारने चालवली म्हणून लॉटरी जुगार असल्याचे थांबत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात बजावले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे तिकिटातून सरकारला विक्री आणि कर अशा दोन्हीकडून पैसा मिळतो. ज्याच्या खिशातून तो येतो, त्याला खरा हिशेब देणे हे उपकार नव्हेत.

म्हणून आमची मागणी अशी आहे. प्रत्येक तिकिटाच्या दर्शनी बाजूला, बक्षिसाच्या रकमेइतक्याच मोठ्या टाइपात, ‘पहिले बक्षीस इतक्या लाख तिकिटांत एक’ असे मराठीत छापावे. त्याखाली, विक्रीच्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती रुपये बक्षिसांच्या रूपाने परत जातात, तेही लिहावे. सोडतीनंतर निकालपत्रकात एकूण किती तिकिटे खपली आणि किती रक्कम वाटली, हे द्यावे. स्टॉलवरच्या फलकांवर आणि जाहिरातींतही हीच ओळ असावी. लॉटरी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ती बंद केली, तर तोच पैसा बेकायदा अड्ड्यांकडे वळेल, याची भीती खरी आहे.

यासाठी संसदेत जाण्याची गरज नाही. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने तिकिटे राज्याच्या मुद्रेसह राज्यानेच छापायची आहेत. त्यांच्यावर आणखी दोन ओळी घालणे पूर्णपणे वित्त विभागाच्या हातात आहे, आणि येत्या दिवाळीच्या सोडतीची तिकिटे छपाईला जाण्याआधी ते होऊ शकते.