बोरेज म्हणजे नक्की कोणते?

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात इयत्ता आठवीच्या एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पाला पहिले पारितोषिक मिळाले, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. प्रकल्पाचे नाव होते ‘बोरेज : निसर्गाचे वरदान’. परीक्षकांत मीही होते. ते पारितोषिक देताना आम्हा परीक्षकांकडून चूक झाली, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ज्या पत्रिकेत निकाल छापला, त्याच पत्रिकेत चूकही कबूल करावी म्हणून हा लेख. त्या विद्यार्थिनीला आणि तिच्या आईवडिलांना तो आधी वाचून दाखवला आहे.

प्रकल्प दिसायला सुरेख होता. टेबलावर एक कुंडी, तिच्यात जाड, लवदार, ओव्याच्या वासाची पाने. मागे तक्ता, त्यावर निळ्या चांदणीसारख्या फुलाचे रंगीत चित्र. बाजूला सियागंजातल्या पंसाऱ्याकडून आणलेली गावजबानची पुडी. आणि तक्त्याच्या खाली लाल अक्षरांत : ‘बोरेजमुळे इसब, संधिवात व खोकला बरा होतो, हे वैज्ञानिक शोधाने सिद्ध झाले आहे.’ मुलगी धीटपणे बोलत होती, पाहुणे माना डोलावत होते. आम्ही पन्नासपैकी सेहेचाळीस गुण दिले.

तीन आठवड्यांनी एक आई मला भेटायला आल्या. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत खालच्या वर्गात आहे. तिला लहानपणापासून इसब आहे. “मॅडम, तुमच्या शाळेतला तक्ता बघून आम्ही गावजबानचा काढा सुरू केला. मलम बंद केलं. शोध झालाय म्हटल्यावर विश्वास बसला.” त्यांनी मुलीची बाही वर केली. कोपराच्या खोबणीतली कातडी फुटून ओली झाली होती, बोटांना खाजवून खाजवून रक्त लागले होते. बाई रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी मलम पुन्हा सुरू केले आहे आणि मुलगी आता बरी आहे. पण त्या दिवशी मी घरी जाऊन आमच्याच तक्त्याचा फोटो काढून पाहिला आणि बी.एस्सी.ची जुनी वनस्पतिशास्त्राची पुस्तकेही बाहेर काढली.

पहिली गोष्ट ही, की त्या टेबलावर एक नव्हे, तीन वनस्पती होत्या.

चित्रातले निळे फूल खऱ्या बोरेजचे, म्हणजे बोरॅगो ऑफिसिनॅलिसचे. हे झाड भूमध्य सागराच्या परिसरातले. एका हंगामाचे, अंगभर राठ केस, पानाला काकडीसारखा वास, आणि मधमाश्यांचे अतिशय लाडके. आपल्या बाजूला ते सहसा दिसत नाही.

कुंडीत होता पानओवा. त्याला इंग्रजीत ‘इंडियन बोरेज’ म्हणतात आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. पानओवा हा तुळशी-पुदिन्याच्या कुळातला. त्याचा वास कार्वाक्रॉल आणि थायमॉल या द्रव्यांमुळे येतो, आणि ओव्याच्या वासातही थायमॉलच असते. आपल्या घरी त्याची भजी होते, पान ठेचून मधात देतात. बोरेजशी त्याचे नाते नावापुरते, जसे भुईमुगाचे मुगाशी (तेही निदान एका कुळातले आहेत, इथे तेवढेही नाही).

पुडीतले गावजबान तिसरे. फारसीत गाव म्हणजे गाय किंवा बैल, जबान म्हणजे जीभ. पान जिभेसारखे खरखरीत, म्हणून हे नाव. संस्कृतात गोजिव्हा, जुन्या ग्रीकांचे बुग्लॉसॉन, अर्थ तोच. तीन भाषांनी पानाला हात लावून एकच नाव ठेवले, याची मला मौज वाटली. पण एका नावाखाली वेगवेगळी झाडे जमा होतात. युनानी औषधांवरच्या लिखाणात गावजबान म्हणजे बोरेज असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते. आपल्या बाजारात त्या नावाने साधारणपणे विकले जाते ते ऑनोस्मा ब्रॅक्टिएटम. कूळ बोरेजचेच, झाड निराळे. खमीरा गावजबान घरात ठेवणारी कुटुंबे इंदुरात आजही आहेत. त्याबद्दल हकीमाने बोलावे, वैद्याने बोलावे. आमच्या शाळेच्या तक्त्याने बोलू नये.

आता ‘वैज्ञानिक शोध’. तो झाला आहे, खोटा नाही. पण तो ना पानावर आहे ना काढ्यावर, तो आहे बोरेजच्या बियांच्या तेलावर. या तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल नावाचे स्निग्धाम्ल असते, तेलाच्या साधारण वीस ते चोवीस टक्के. ज्या दुसऱ्या तेलाचे नाव अशा वेळी घेतात, त्या इव्हिनिंग प्रिमरोझमध्ये ते नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास. शरीर आपल्या नेहमीच्या खाद्यतेलातल्या लिनोलिक आम्लापासून हे आम्ल थोडे थोडे बनवते आणि त्यापासून पुढे सूज आवरणारी द्रव्ये तयार होतात. इसब असलेल्यांच्या शरीरात ही पायरी अडत असावी, मग ते आम्ल बाहेरून दिले तर? विचार चांगला होता. विचार चांगला असला म्हणजे प्रयोगाची गरज संपत नाही.

प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आणि २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. इसबाचे १४० रुग्ण तपासणीपर्यंत टिकले, त्यांत मुलेही होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे बोरेजचे तेल, दुसऱ्याला दिसायला तशाच पण औषध नसलेल्या कॅप्सूल. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. त्रासाला गुण द्यायची पद्धत ठरलेली होती : गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. तेल घेणाऱ्यांचे सरासरी गुण ३० वरून २७ वर आले.

मुलांनो, इथे जरा थांबा. एवढीच ओळ छापली असती तर कोणीही म्हणाले असते, “बघा, दहा टक्के आराम!” आमच्या तक्त्यावरही तेच आले असते. आता दुसऱ्या गटाचा आकडा. औषध नसलेल्या कॅप्सूल घेणाऱ्यांचे गुण २८ वरून २३ वर आले. म्हणजे ज्यांना तेल दिलेच नव्हते ते तसूभर जास्तच सुधारले! इसब आपोआप कमी-जास्त होत राहतो. फार वाढला की आपण औषध शोधतो, आणि फार वाढलेली गोष्ट पुष्कळदा आपणहून उतरतेही. श्रेय मात्र हातातल्या बाटलीला मिळते.

पुढे २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा २७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. एकूण १५९६ रुग्ण, १९ प्रयोग इव्हिनिंग प्रिमरोझचे आणि ८ बोरेजचे. निष्कर्ष हाच, की तोंडाने घेतलेल्या या तेलांचा इसबावर नुसत्या कॅप्सूलपेक्षा जास्त उपयोग दिसत नाही. तक्त्यावरचे लाल अक्षरांतले वाक्य, इसबापुरते, शोधाच्या बरोबर उलटे होते.

संधिवाताची गोष्ट निराळी आहे आणि तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९९३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ३७ रुग्णांना २४ आठवडे एक तर बोरेजचे तेल दिले किंवा सरकीचे. बोरेजच्या गटात दुखऱ्या सांध्यांची संख्या ३६ टक्क्यांनी आणि सुजलेल्यांची २८ टक्क्यांनी कमी झाली. सरकीच्या गटात असा फरक दिसला नाही. रुग्ण थोडे होते, पण नंतरच्या आढाव्यांतही या आम्लाच्या तेलांचा वेदनेवर काही उपयोग असावा असेच दिसले. मात्र मात्रा पाहा : रोज १.४ ग्रॅम आम्ल, म्हणजे सहा-सात ग्रॅम तेल, एका ग्रॅमच्या सहा-सात कॅप्सूल, रोज, सहा महिने. आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमच्या तक्त्यावर मात्रेचा आकडा नव्हता. खोकल्याचे श्रेय बिचाऱ्या पानओव्याचे होते, ते बोरेजच्या खात्यात जमा झाले होते.

आणखी एक गोष्ट तक्त्यावर नव्हती, आणि मला सर्वांत जास्त तीच खुपते. बोरेजच्या पानाफुलांत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. ती यकृताला घातक. एखादे पान खाऊन कोणाला काही होत नाही, आणि तपासून शुद्ध केलेल्या तेलात ती नसतात. पण महिनोन्‌महिने पानांचा काढा घेणे वेगळे. युरोपीय संघाने २०२० मध्ये खाद्यपदार्थांतील या द्रव्यांना मर्यादा घातल्या, त्यांत बोरेजच्या पानांचे नाव आहे.

हे दूरचे वाटत असेल तर सरगुजा आठवावे. आज तो जिल्हा छत्तीसगडात आहे, तेव्हा आपल्याच मध्य प्रदेशात होता. १९७५ च्या सुमारास तिथल्या काही खेड्यांत पोटात पाणी होऊन माणसे आजारी पडू लागली, अनेक दगावली. शोध घेतल्यावर कारण सापडले ते त्यांच्या रोजच्या धान्यात. गोंदलीत एका खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळले होते आणि त्या बियांत हीच अल्कलॉइडे होती. त्याच काळात अफगाणिस्तानात गव्हात मिसळलेल्या हेलिओट्रोपच्या बियांनी असाच उत्पात केला, आणि हेलिओट्रोप तर बोरेजच्याच कुळातला. दोन्ही घटनांचे अहवाल १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. मी स्वतः याच प्रदेशात शिकले, वनस्पतिशास्त्र शिकले, आणि सरगुजाची ही गोष्ट मला पन्नाशीनंतर एका तक्त्यामुळे कळली. “नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?” हे वाक्य मीदेखील पालकसभेत बोललेली आहे.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी डोकावते, हे आपण सांभाळून घेताच. कॉलेजात ‘परिकल्पना’, ‘प्रेक्षण’, ‘नियंत्रण समूह’ या शब्दांच्या व्याख्या मी घडाघडा पाठ म्हणत असे आणि गुणही मिळत. पण नियंत्रण समूह कशासाठी, हे कोणी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. ३०-२७ आणि २८-२३ हे चार आकडे त्या वेळी कोणी फळ्यावर लिहिले असते तर एका तासात समजले असते.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे माझा एक प्रस्ताव आहे. प्रदर्शनाच्या गुणपत्रकात आज चार रकाने आहेत : सादरीकरण, आकर्षकता, सामाजिक उपयोग, वक्तृत्व. ‘तुला हे कसे कळले?’ असा रकाना नाही. पुढच्या वर्षीपासून पन्नासपैकी वीस गुण या एका प्रश्नाला असावेत. आणि प्रकृतीशी संबंधित कोणताही दावा शाळेच्या भिंतीवर लावायचा असेल, तर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग, किती मात्रा आणि तुलना कोणाशी केली, एवढे लिहिल्याशिवाय तो लागू नये. माहिती नसेल तर ‘आमच्या घरी असे करतात’ असे खुशाल लिहावे. त्यात कमीपणा नाही.

एका ज्येष्ठ विश्वस्तांनी मला विचारलेच, की आठवीच्या पोरांना एवढे कशाला? आणि यातून आजीबाईच्या बटव्याचा अपमान होत नाही का? पहिल्याचे उत्तर असे, की त्या विद्यार्थिनीला मी केबिनमध्ये बसवून चारही आकडे दाखवले. पंधरा मिनिटांत तिने मला उलट प्रश्न केला, “मॅडम, मग तेल घेणाऱ्यांना वाटलं असेल ना की तेलानेच बरं वाटलं?” यापेक्षा जास्त मला काय शिकवायचे होते? दुसऱ्याचे उत्तर असे, की आजीने पानओव्याचा रस देताना कधी ‘शोधाने सिद्ध’ म्हटले नव्हते. ती म्हणायची, “घे, बरं वाटेल. नाही वाटलं तर उद्या डॉक्टरांकडे जाऊ.” या वाक्यात मात्रा आहे, मुदत आहे, पुढचा उपायही आहे. शिक्का आम्ही मारला, आजीने नाही.

पारितोषिक परत घ्यावे का, यावर शिक्षकांच्या बैठकीत चर्चा झाली. माझे मत नाही असे पडले. मुलीने मेहनत केली होती, तपासणे आमचे काम होते. तिने स्वतःहून दुसरा तक्ता तयार केला आहे. त्यात तीन चित्रे आहेत, तीन नावे आहेत, आणि मधोमध ते चार आकडे. तो सध्या प्रयोगशाळेच्या दाराशी लावला आहे, पालकसभेला याल तेव्हा अवश्य पाहावा. कुंडी शाळेच्या बागेत ठेवली आहे. तिच्यावरची पाटी तिने बदलली : ‘पानओवा. कूळ तुळशीचे. आमच्या घरी याची भजी करतात.’