विश्लेषण : नांदेड-लातूरच्या पर्यटनाची जाहिरात नेमकी कुठे करायची?

पर्यटनाच्या प्रसिद्धीचा विषय निघाला की महानगरांतले मोठे फलक, नामवंत कलाकारांच्या चित्रफिती आणि महोत्सव डोळ्यांसमोर येतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांची अडचण वेगळी आहे. येथे बाहेरची माणसे आधीपासून येतात, पण काम आटोपले की परततात. त्यांचा मुक्काम एका दिवसाने वाढवणे, हेच येथील प्रसिद्धीचे पहिले उद्दिष्ट असायला हवे.

येथे कोण येते?

नांदेडचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये येथेच देह ठेवला. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीनिमित्त शहराचा कायापालट झाला. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस थेट येते. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ असते. लातूरला ‘लातूर पॅटर्न’मुळे ठिकठिकाणचे विद्यार्थी शिकायला येतात आणि त्यांना भेटायला पालकांच्या फेऱ्या होतात.

त्यांना दाखवण्यासारखे काय आहे?

बरेच काही. खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला, देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, पावसाळ्यात कोसळणारा पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा ही नांदेडकडची ठिकाणे. लातूर जिल्ह्यात औशाचा किल्ला, नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय यांची शिल्पे असलेली खरोसा लेणी आणि उदगीरचा किल्ला. पानिपत मराठी घराघरांत ठाऊक आहे; पण त्याच सदाशिवरावभाऊंनी त्याआधी वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १७६० मध्ये, उदगीरच्या लढाईत निजामाला नमवले होते. उदगीरच्या जाहिरातीला याहून चांगली गोष्ट शोधावी लागणार नाही.

इतरांकडून काय घेता येईल?

‘गॉड्स ओन कंट्री’ या तीन शब्दांनी केरळला ओळख दिली आणि केरळने ती दशकानुदशके बदलली नाही. मध्य प्रदेशने हातांच्या सावल्यांच्या खेळातून जाहिरात केली आणि ती लोकांच्या लक्षात राहिली. म्हणजे साधने साधी असली तरी चालते. गोष्ट एक हवी आणि ती सातत्याने सांगायला हवी. मराठवाड्याची बाहेर पोहोचलेली गोष्ट मात्र १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे एवढीच राहिली. ती खरी आहे, पण पुरी नाही.

मग येथे कल्पकता कशात?

हुजूर साहिब नांदेड स्थानकावर आणि यात्रीनिवासांत गुरुमुखी व हिंदीतून एका दिवसाच्या सहलीची माहिती लावणे. ठरलेल्या वेळी सुटून संध्याकाळी परत आणणारी बस ठेवणे. लातूरच्या वसतिगृहांत पालकांसाठी ‘रविवारी औसा-खरोसा’ असा सोपा नकाशा देणे. किल्ल्याच्या दाराशी क्यूआर कोड ठेवून स्थानिक शिक्षक-अभ्यासकांच्या आवाजात इतिहास ऐकवणे. या कशालाही कोट्यवधींचा खर्च लागत नाही.

धोका कोणता?

तयारीआधी बोलावणे. दिशादर्शक फलक, स्वच्छ स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि माहिती सांगणारा माणूस नसेल, तर पाहुणा हिरमुसून जातो आणि तेच मोबाइलवर चार जणांना दाखवतो. महोत्सवाचे दोन दिवस रोषणाई आणि उरलेले वर्षभर कुलूप, याने गावातल्या कुणाच्या हाताला काम मिळत नाही. पाहुणा एक रात्र जास्त राहिला, तर रिक्षावाला, खानावळ, लॉज आणि माहिती सांगणारा गावातला तरुण अशा चार घरांत पैसा जातो.

दोन्ही जिल्हा प्रशासनांनी एकत्र बसून आधी दोन सहलमार्ग पक्के करावेत, तेथील सोयी पूर्ण कराव्यात आणि मगच जाहिरातीवर पैसा खर्च करावा.