गेमचे ग्राफिक्स सुधारतायत, मग फरक का दिसत नाही?

सप्टेंबर २०२०. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गाजलेल्या गेमच्या रिमेकचा ट्रेलर आला. तो बनवत होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईतले स्टुडिओ. पण कौतुक राहिलं बाजूलाच. ग्राफिक्स जुनाट वाटतायत, अशी टीका सोशल मीडियावर सुरू झाली. रिलीज लांबलं. मे २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द झाला.

मग जास्त बारकावे ओतले असते, तर सगळं जमलं असतं का? इथेच खरी मेख आहे.

डोळ्यांना कळतं किती?

गेममधला चेहरा छोट्या-छोट्या त्रिकोणांनी बनतो. ५०० त्रिकोणांचे ५,००० केले की चौकोनी वाटणारा चेहरा माणसासारखा दिसतो. ५०,००० चे ५ लाख केले तर? वाढ दहापटच, पण फरक जेमतेम कळतो.

रिझोल्युशनचंही तेच. फुल एचडीमध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, फोर-केमध्ये ८३ लाख. म्हणजे चौपट. पण मोबाइलच्या स्क्रीनवर हा फरक शोधावा लागतो.

खर्च मात्र थांबत नाही

इन्सोम्नियाक या अमेरिकन स्टुडिओची कागदपत्रं २०२३ मध्ये लीक झाली. त्यानुसार 'स्पायडर-मॅन २'चा खर्च सुमारे ३० कोटी डॉलर होता, २०१८ च्या गेमच्या जवळपास तिप्पट. हा तिप्पट पैसा खेळणाऱ्याला दिसतो का, असा प्रश्न कंपनीत आतूनच विचारला गेला होता.

मग पुण्यानं काय करायचं?

उत्तर 'प्रिन्स'च्याच घरात आहे. जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या फ्रान्समधल्या स्टुडिओनं 'द लॉस्ट क्राउन' आणला. हुबेहूब चेहऱ्यांच्या मागे न लागता त्यात कॉमिकसारखी शैली वापरली. निन्टेंडो स्विचसारख्या कमी ताकदीच्या कन्सोलवरही तो सुरळीत चालला आणि समीक्षकांना आवडलाही.

पुण्यातल्या सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइलवर आणलेल्या 'इंडस'मध्येही भर भारतीय कल्पनेतल्या भविष्याच्या जगावर आहे.

बारकाव्यांची शर्यत ज्याची तिजोरी मोठी त्याची. स्वतःची शैली मात्र पुण्यातल्या छोट्या टीमलाही परवडते. आणि स्क्रीनवर ती लगेच दिसते.