टाकी आपली, जमीन त्यांची

20 ऑगस्ट 2023 रोजी इक्वेडोरच्या मतदारांच्या हातात अध्यक्ष निवडण्याच्या मतपत्रिकेबरोबर आणखी एक मतपत्रिका पडली. यासुनी राष्ट्रीय उद्यानातल्या 43 क्रमांकाच्या पट्ट्यातले तेल सरकारने अनिश्चित काळासाठी जमिनीखालीच ठेवावे, हे तुम्हाला मान्य आहे का, असा प्रश्न तिच्यावर होता. सुमारे 59 टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले. हा देश श्रीमंत नाही. तेल ही त्याची मोठी निर्यात, डोक्यावर परदेशी कर्ज, आणि त्या एका पट्ट्यातून रोज 50 हजारांहून अधिक पिंपे तेल निघत होते. आपल्या ‘होय’ने सरकारी तिजोरीला भगदाड पडणार, हे मतदाराला प्रचारात पुनःपुन्हा ऐकवले गेले होते. ते ऐकून, समजून त्याने ‘होय’ म्हटले.

हे एका दिवसात घडले नाही. 2007 मध्ये अध्यक्ष राफाएल कोरेया यांनी जगाला सांगितले होते की या तेलाच्या निम्म्या किमतीइतके, म्हणजे 3.6 अब्ज डॉलर, द्या. आम्ही जंगलाला हात लावणार नाही. सहा वर्षांत प्रत्यक्ष हाती आले ते सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. 2013 मध्ये कोरेयांनी योजना गुंडाळली आणि खोदकामाचा मार्ग मोकळा केला. तेव्हा तिथले तरुण रस्त्यावर उतरले. ‘यासुनिदोस’ या नावाने एकत्र येऊन त्यांनी सार्वमतासाठी साडेसात लाखांहून अधिक सह्या जमवल्या. निवडणूक यंत्रणेने त्यांतल्या लाखो सह्या बाद ठरवल्या. तरुण न्यायालयात गेले. तोवर विहिरी खोदल्या गेल्या, तेल वाहू लागले, तरी ते लढत राहिले. अखेर 2023 च्या मे महिन्यात घटना न्यायालयाने मतदानाला परवानगी दिली. सह्या गोळा करायला निघालेली मुले तोवर तिशी ओलांडून गेली असतील.

या मतदानाच्या निकालातली एक बाब मला सर्वांत मोलाची वाटते, आणि तीच मला आपल्याकडे पाहून अस्वस्थ करते. ज्या ओरेयाना प्रांतात हे तेल आहे तिथे बहुमत तेल काढण्याच्या बाजूने गेले. त्या माणसांना मी दोष देणार नाही. पन्नास वर्षे ज्या भागात तेलाखेरीज दुसरा रोजगार कुणी उभाच केला नाही, तिथला माणूस तेल सोडायला घाबरणारच. त्याच जंगलात तागाएरी आणि तारोमेनाने या जमातींची माणसे बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवता राहतात. त्यांना तर मतदारयादीच नाही. जंगल वाचवणारे मत पडले ते दूरच्या शहरांतून. राजधानी कितोमध्ये राहणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या बसमधून कामाला जाणाऱ्या, यासुनी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या लाखो लोकांनी ते मत दिले. ज्या तेलाचा लाभ आपल्याला मिळतो त्याच्या पापाचाही वाटा आपल्याकडे येतो, हे त्यांना पटले.

आपल्याला हे कधी पटणार?

जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. जमिनीवर किंवा समुद्रात तेल-वायूच्या शोधासाठी जे खोदकाम होईल, त्याला पर्यावरणीय परिणामांच्या सविस्तर अभ्यासातून आणि जनसुनावणीतून सूट दिली. आपल्या शेताशेजारी भोक पाडायचे तर आधी आपल्याला विचारा, एवढाच ज्या शेतकऱ्याचा हक्क होता, तो कागदाच्या एका तुकड्याने काढून घेतला. कावेरीच्या खोऱ्यातले शेतकरी पेटून उठले. ते जागेच होते. 2017 मध्ये पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या नेडुवासल गावाने वायूच्या विहिरींविरुद्ध धरणे धरले होते आणि ते तमिळनाडूभर गाजले होते. 2020 च्या फेब्रुवारीतच तमिळनाडू विधानसभेने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित शेतीक्षेत्र म्हणून जाहीर करणारा कायदा केला. महाराष्ट्राला सातशेहून अधिक किलोमीटरचा किनारा आहे. मुंबई हायचे तेल आपल्याच समुद्रातून येते. आपल्या कोळीवाड्यांचे पोट त्याच पाण्यावर आहे. ती अधिसूचना आपल्यालाही लागू होती. आपल्या शहरांतल्या किती सुशिक्षितांनी ती वाचली? किती संपादकांनी तिच्यावर अग्रलेख लिहिला? किती वकिलांनी, प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी तिच्याबद्दल एक पत्र तरी पाठवले? आपला एक हक्क घरातून चोरीला गेला आणि घरच्यांना पत्ताही लागला नाही.

कोकणातल्या बारसूच्या रिफायनरीच्या वेळी तर पत्ता लागला नाही असे म्हणायचीही सोय नव्हती. सगळे काही दूरदर्शनच्या पडद्यावर दिसत होते. आधी नाणार झाले. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी तिथे येणार होती. लोकांच्या विरोधामुळे 2019 मध्ये ती जागा सोडावी लागली. मग राजापूर तालुक्यातच बारसू-सोलगावचा सडा पुढे आला. जानेवारी 2022 मध्ये त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी ही जागा सुचवणारे पत्र पंतप्रधानांना पाठवले, आणि एप्रिल 2023 मध्ये त्यांचाच पक्ष आंदोलकांच्या बाजूने भाषणे करत होता. सत्तेवर बसलेल्यांनी तेव्हा प्रकल्पाची तळी उचलून धरली होती. गावाला पक्ष बदलताना दिसतात, प्रकल्प मात्र तोच राहतो. फेब्रुवारी 2023 मध्ये रिफायनरीच्या वादावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि प्रकरणात खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. एप्रिलमध्ये माती परीक्षणासाठी पोलिसांचा ताफा आला तेव्हा तापलेल्या कातळावर गावच्या बायका आडव्या झोपल्या. पुढे अश्रुधूर झाला, लाठ्या पडल्या. त्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, आणि त्या यादीत बारसूचेही नाव आहे.

गावासाठी मुंबईचा चाकरमानी धावला, हे खरे. त्याचे घर, त्याची आंब्याची कलमे, त्याचा देव तिथे होता. मी विचारतो आहे ते ज्यांचे तिथे काहीच नव्हते त्या आपल्याबद्दल. आपण संध्याकाळी त्या बायकांना फरफटत नेताना पाहिले आणि सकाळी पेट्रोल भरायला रांगेत उभे राहिलो. वर दिवाणखान्यात बसून निवाडाही दिला की या लोकांना विकास नको आहे, यांना कुणीतरी फूस लावली आहे. हा निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? रिफायनरीत येणारे तेल बारसूच्या म्हातारीच्या चुलीसाठी येणार नव्हते. ते आपल्या गाडीसाठी येणार होते, आपल्या विमानासाठी, आपल्या प्लॅस्टिकसाठी. मागणी आपली होती. लाठी मात्र तिच्या पाठीवर पडली. आणि आपण तिलाच अडाणी म्हटले.

ही सवय जुनी आहे, शंभर वर्षांहून जुनी. 1921 मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून टाटांनी मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतले. मावळ्यांची गावे, भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. सेनापती बापट त्यांच्यासाठी उभे राहिले, तुरुंगात गेले. पण खोऱ्यातल्या जमिनींवर ज्यांचा हक्क होता त्या पुण्यातल्या सावकार-जमीनदारांपैकी अनेकांना मोबदला पुरेसा वाटला, आणि मुंबईला वीज महत्त्वाची वाटली. 1924 पर्यंत सत्याग्रह संपला. धरण झाले. ती वीज धूर न सोडणारी होती, हे इथे मुद्दाम नोंदवतो. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिच्यामागचा व्यवहार स्वच्छ असतोच असे नाही. उद्या सौरऊर्जेच्या नावाखाली माळरानावरच्या धनगराची चराई कुंपणात घातली गेली, तर तोही मुळशीचाच पुढचा अध्याय होईल, आणि तेव्हा गप्प बसणाऱ्यांनाही मी हेच विचारेन.

‘देशाला तेल लागते’ हे उत्तर मला नेहमी मिळते. लागते. आपण जे कच्चे तेल वापरतो त्यातले 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, हेही मला ठाऊक आहे. उद्या सकाळी सगळे पंप बंद करा असे कुणीही म्हणत नाही, बारसूच्या बायकाही म्हणत नव्हत्या. प्रश्न आहे तो नव्याने काय बांधायचे याचा. सहा कोटी टनांची रिफायनरी एकदा उभी राहिली की ती चाळीस-पन्नास वर्षे तेल मागत राहते. तिच्यात अडकलेला पैसा वसूल होईपर्यंत तिला कुणी थांबू देत नाही. आज आपण जी विहीर खोदू तिची मुदत आपल्या नातवंडांच्या आयुष्यात संपेल. समुद्रात पूर्वी शोधासाठी बंद असलेले सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर क्षेत्र केंद्राने खुले केले आहे, ते दहा-वीस वर्षांच्या हिशेबासाठी नव्हे.

त्या समुद्राचे काय होते आहे तेही पाहा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ सांगत आले आहेत की अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली चक्रीवादळे वाढली आहेत. मे 2021 मध्ये तौक्ते आले. वादळाचे इशारे आधीच मिळाले होते. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात कामाला असलेल्या मजुरांचा पी-305 हा तराफा तरीही समुद्रातच राहिला आणि 17 मे रोजी बुडाला. सत्तरांहून अधिक माणसे गेली. तेल जाळून तापवलेल्या समुद्राने तेल काढायला गेलेल्या मजुरांना गिळले, असे मी म्हटले तर शास्त्रज्ञ म्हणतील की एका वादळाचे खापर एका कारणावर फोडता येत नाही. मान्य. पण इशारा मिळूनही माणसे माघारी आणायची नाहीत, हे कुठल्याही शास्त्राने सांगितले नव्हते. ते कंत्राटातल्या तारखांनी सांगितले. त्या मजुरांसाठी आपल्या शहरांत किती मेणबत्त्या पेटल्या?

आता पर्यायाबद्दल, कारण त्यावाचून हा आरोप अर्धा राहील. पेट्रोल-डिझेलचा मोठा भाग रस्त्यावर जळतो. म्हणून स्वच्छ ऊर्जेची मागणी ही आधी चांगल्या बसची मागणी आहे. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग 2022 मध्ये विजेवर आला. डिझेलचा धूर सोडत जाणारी गाडी त्याच मार्गावर विजेवर धावू लागली, आणि कुणाचे काही बिघडले नाही. एसटी आणि शहरांच्या बस विजेवर, वेळेवर आणि पुरेशा संख्येने धावल्या तर लाखो दुचाक्या घरी राहतील. पण बसची मागणी कोण करणार? जो बसने जातो त्याचे कुणी ऐकत नाही, आणि ज्याचे ऐकले जाते तो गाडीतून जातो आणि उड्डाणपूल मागतो. वीज अजून बहुतांशी कोळशाची आहे, चंद्रपूर आणि कोराडीची माणसे ती राख श्वासात घेतात. म्हणून छतावरचा सूर्यही लागेल. तीन किलोवॉटच्या छतावरच्या सौरसंचासाठी 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. तरी सोसायट्यांच्या गच्च्या मोकळ्या आहेत, कारण गच्ची कुणाची हा वाद मिटत नाही. विजेच्या गाडीसाठी चार्जिंगची जागा मागणाऱ्या सभासदाला ना हरकत पत्र मिळत नाही. मोठ्या अन्यायाविरुद्ध बोलायला धैर्य लागते, हे समजू शकतो. गच्चीवर चार पत्रे लावायला कोणते धैर्य लागते? त्यासाठी फक्त आपण भागीदार आहोत हे कबूल करावे लागते, आणि तेच आपल्याला जड जाते.

आपल्याकडे सार्वमताचा कायदा नाही, म्हणून इक्वेडोरसारखे काही होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी पेण आठवावे. सप्टेंबर 2008 मध्ये महामुंबई सेझबद्दल, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल, पेण तालुक्यातल्या 22 गावांत सरकारलाच मतदान घ्यावे लागले होते, आणि शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने विरोधात मत दिले. कायदा नव्हता, रेटा होता. आणि मत दिले की काम संपले, असे इक्वेडोरमध्येही झालेले नाही. न्यायालयाने एका वर्षात बाहेर पडा असे सांगितले होते. पहिली विहीर बंद झाली ती ऑगस्ट 2024 मध्ये, आणि सुमारे अडीचशे विहिरी बंद करायला 2029 उजाडेल असे सरकार म्हणते. तिथले लोक अजून सरकारच्या मागे लागलेले आहेत.

बारसूच्या पंचक्रोशीतल्या ग्रामसभांनी रिफायनरीविरुद्ध ठराव केले. ते ठराव करणाऱ्यांना शहरातून एका ओळीचा पाठिंबा हवा होता. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात, जिथे तुम्ही राहता तिथे सोसायटीची वार्षिक सभा होईल. तिच्यात असा ठराव मांडा की तेल-वायूच्या शोधासाठी काढून घेतलेली जनसुनावणी परत द्यावी, नव्या रिफायनरीऐवजी आमच्या करातून विजेवरच्या बस द्याव्यात, आणि आमच्या गच्चीवर या वर्षी सौरसंच बसावा. सूचक म्हणून आपले नाव लिहा. ठरावाची एक प्रत आमदाराला, एक खासदाराला आणि एक राजापूर तालुक्यातल्या त्या ग्रामपंचायतींना पाठवा.