क्यूब पास, रस्ता नापास? काँक्रीटचं गणित गावानेही समजून घ्यावं

नाशिक : सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आणि जिल्ह्यात बांधकामांची लगबग वाढली. काँक्रीट मात्र तारीख पाहून पक्कं होत नाही.

गावातला नवा रस्ता तडकला की ग्रामसभेत ठरलेला वाद होतो. गावकरी म्हणतात, सिमेंट खाल्लं. ठेकेदार क्यूबचा रिपोर्ट दाखवतो. बऱ्याचदा रिपोर्टही खरा असतो अन् तडेही खरे असतात.

कारण साधं आहे. क्यूब म्हणजे १५ सेंटिमीटरचा ठोकळा. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून तो पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि २८ व्या दिवशी मशीनमध्ये दाबून फोडतात. त्यातून ताकद कळते. पण क्यूब पाण्यात असतो, रस्ता उन्हात.

वाळताना काँक्रीट आकसतं. आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या हिशोबाने १०० मीटरला साधारण ३ सेंटिमीटर. खालची जमीन रस्त्याला हलू देत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर कटरने सांधे कापतात. कापायला उशीर झाला तर रस्ता स्वतःच हवा तिथे फाटतो.

दुसरी गोष्ट, सततच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू दबत राहतं. हे मोजायला प्रयोगशाळेत नमुना ठरावीक तापमानात, कायम भाराखाली वर्षभर ठेवावा लागतो. गावच्या कामाला एवढी सवड नसते, म्हणून मानकातले आकडे वापरतात : ७ व्या दिवशी भार दिला तर सुरुवातीला जेवढं दबलं त्याच्या २.२ पट आणखी, २८ व्या दिवशी दिला तर १.६ पट. स्लॅबचे टेकू लवकर काढू नयेत, ते यामुळेच.

मोठ्या पुलावर हा हिशोब किती महाग पडतो, ते पॅसिफिकमधल्या पलाऊ देशात दिसलं. १९७७ चा पूल मधोमध मीटरभराहून जास्त खाली बसला. दुरुस्तीनंतर काही महिन्यांतच, १९९६ मध्ये तो कोसळला.

नाशिकला दिंडोरी रोडवर १९५९ पासून ‘मेरी’ ही सरकारी संशोधन संस्था आहे. पण कोणतीही प्रयोगशाळा गावात येऊन रस्त्यावर पाणी मारणार नाही. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवा, असं मानक सांगतं. वाफे केले का, ओली पोती टाकली का, सांधे कधी कापले, हे काम चालू असतानाच विचारलेलं बरं. तडे गेल्यावर हातात उरतो तो फक्त रिपोर्ट.