दुहेरी धाग्याची लबाडी

परवा मावशी आली होती. मी विणलेला गळपट्टा तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "दोन धागे एकत्र घेतलेस होय? मग लवकर होणारच. ही लबाडी झाली!" तेव्हा मी हसून चहा टाकायला उठले. आज इथे भांडते. (मावशी, तू वाचणार आहेस हे ठाऊक आहे!)

आधी गळपट्ट्याबद्दल. हा टोकं नसलेला, डोक्यातून घालायचा गोल गळपट्टा. इंग्रजीत याला काउल म्हणतात. मागच्या डिसेंबरात नाशिकला सकाळी स्कूटरवरून जाताना माझ्या लांब मफलरचं टोक चाकात गेलं. वेग नव्हता म्हणून मानेवरच्या वळावर निभावलं. त्या दिवशी ठरवलं, गळ्याभोवती लोंबणारं टोकच नको. आणि हवा होता तो थंडी संपायच्या आत.

घरात होते उरलेले गोळे, काही करडे, काही पांढरे. ८ नंबरच्या सुईवर विणायची लोकर. एक करडा, एक पांढरा धागा एकत्र धरला आणि ४ नंबरची, म्हणजे ६ मि.मी.ची गोल सुई घेतली. ८१ टाके घातले. एक सुलट, एक उलट, बस्स. टाके विषम असल्याने फेरी संपली तरी थांबायचं नाही; सुलटावर आपोआप उलट येतो आणि दाणेदार वीण तयार होते. ती कडेला वळत नाही, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. घेर ६० सें.मी., उंची २५. पाच संध्याकाळी लागल्या.

आता लबाडीचं बोलू. सुईने दोनपैकी एकच धागा उचलला तर मागे फास लोंबत राहतो. लक्ष इथेही लागतं. पहिल्या फेरीत टाक्यांना पीळ पडला तर शेवटपर्यंत पीळच विणत बसायचं. लोकर जास्त लागते, हे मान्य. पण टाके कमी होतात, त्यामुळे दुप्पट काही लागत नाही. आणि ही तर पडून राहिलेली लोकर होती!

खरं दुखणं वेगळंच आहे. आपल्याकडे बाईच्या हातकामाचं मोल त्यात डोळे किती फुटले यावर ठरतं. बारीक सुई, अवघड नक्षी, महिनोन् महिने जागरण, मग "काय सुंदर विणलंय!" सोपं आणि लवकर झालं की ते कामच नाही. घालणाऱ्याला ऊब मिळाली का, हे कुणी विचारतच नाही.

मावशी, तुझ्या लेकीला तू पहिल्याच सुट्टीत १० नंबरच्या सुया आणि वेणीची नक्षी दिलीस. चुकली की उसवायला लावलंस. त्या सुट्टीनंतर तिने सुईला हात लावलेला नाही. तिला तेव्हा दोन धागे आणि जाड सुई दिली असतीस, तर आठवड्याभरात स्वतः विणलेलं काहीतरी गळ्यात घालून ती शाळेत गेली असती. वेणी पुढच्या वर्षी शिकली असती.

असो. गोळे अजून उरलेत. पुढच्या वेळी येताना तिला घेऊन ये. सुया मी देईन, तू फक्त उसवायला सांगू नकोस.